स्वदेशीं बंदी, परदेशीं गौरव : रोझ रायली

एखाद्या खेळाडूनें आपल्या देशाचा पोशाख अंगावर चढवून मैदानांत उतरावें आणि त्या पोशाखाची शान राखावी, हें इतकें स्वाभाविक वाटतें, कीं या नात्याच्या मागें कांहीं अटी असतात याचें सहसा स्मरणहि होत नाहीं. परंतु खेळाडूला जन्म देणारा देश एक आणि त्याला खेळूं देणारा देश दुसराच, असें घडलें म्हणजे मात्र या नात्याचा अर्थ नव्यानें तपासून पाहावा लागतो. स्कॉटलंडमधील रोझ रायली या फुटबॉलपटूचें चरित्र या दृष्टीनें मनन करण्याजोगें आहे. जन्मभूमीनें ऐन विशींत तिच्या तोंडावर दार लावलें. परभूमीनें तिला आधीं आपल्या संघांत आणि पुढें आपल्या राष्ट्रीय संघांतहि मानाचें स्थान दिलें. तिचा हा प्रवास एकटीच्या पराक्रमाची कथा आहेच. पण स्त्रियांनीं काय खेळावें आणि काय खेळूं नये हें ठरविणाऱ्या एका शतकाचा इतिहासहि तींत सामावलेला आहे.

प्रथम त्या इतिहासाकडे वळणें योग्य होईल. स्कॉटलंड हा देश फुटबॉलचें माहेरघर म्हणावा इतका या खेळाचा शोकी. ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगोनजीक पार्टिक येथें, एका क्रिकेटच्या मैदानावर, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामध्यें सामना झाला. पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल-सामना म्हणून त्याची नोंद आहे. दोन्ही पक्षांना एकहि गोल करतां आला नाहीं. त्यानंतर नऊच वर्षांनीं, मे १८८१ मध्यें, एडिंबरो शहरांत याच दोन देशांचीं नांवें लावून स्त्रियांचे दोन संघ एकमेकांसमोर उभे राहिले. म्हणजे स्त्रियांचें फुटबॉल हें अलीकडचें फॅड, असा जो समज पुष्कळांचा असतो, त्याला इतिहासाचा आधार नाहीं. खेळ जुना आहे. त्याला मान्यता मात्र नवी आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत पुरुष रणांगणावर गेले आणि इंग्लंडच्या कारखान्यांतून स्त्रिया यंत्रांपुढें उभ्या राहिल्या. प्रेस्टन येथील 'डिक, कर' या कारखान्यांतील कामगार मुलींनीं मधल्या सुटींत चेंडू खेळतां खेळतां एक संघ उभा केला. या संघाचे सामने धर्मादाय निधीसाठीं होत आणि त्यांना लोटणारी गर्दी पाहून भले भले चकित होत. २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा खेळ पाहण्यास त्रेपन्न हजार प्रेक्षक जमले होते. याच संघांतील लिली पार ही डाव्या बगलेवरून खेळणारी मुलगी आपल्या जबरदस्त फटक्याबद्दल नांवाजली गेली. परंतु या लोकप्रियतेनें नियामकांच्या कपाळाला आंठी पडली. ५ डिसेंबर १९२१ रोजीं इंग्लिश फुटबॉल असोसिएशननें ठराव केला, कीं फुटबॉल हा खेळ स्त्रियांना शोभणारा नाहीं आणि असोसिएशनच्या सभासद संघांनीं आपलीं मैदानें स्त्रियांना वापरूं देऊं नयेत.

या ठरावाची चतुराई लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यानें स्त्रियांना खेळण्यास उघड मनाई केली नाहीं. फक्त खेळाला लागणाऱ्या साऱ्या गोष्टी त्यांच्यापासून दूर केल्या. चांगलें मैदान गेलें, त्याबरोबर बसण्याच्या जागा गेल्या. प्रेक्षक गेले, त्यांच्याबरोबर तिकिटांचें उत्पन्न गेलें. झाड तोडलें नाहीं, पण पाणी बंद केलें. 'डिक, कर' संघानें १९२२ सालीं अमेरिकेचा दौरा करून तेथील पुरुषांच्या संघांशींहि सामने दिले. तथापि स्वदेशांत त्यांच्या वांट्याला उद्यानें आणि गांवठी मैदानेंच आलीं. ही स्थिति जवळजवळ अर्धशतक टिकली. स्कॉटलंडच्या नियामकांचें धोरण तर याहूनहि कडक होतें. १९७१ सालीं युरोपच्या फुटबॉल-संघटनेपुढें, स्त्रियांचें फुटबॉल राष्ट्रीय संघटनांनीं आपल्या छत्राखालीं घ्यावें, असा प्रश्न मतास आला, तेव्हां विरुद्ध पडलेलें एकमेव मत स्कॉटलंडचें होतें.

अशा देशांत २ जानेवारी १९५५ रोजीं रोझ रायलीचा जन्म झाला. जन्मगांव किल्मार्नोक आणि बालपण जवळच्याच स्ट्यूअर्टन गांवांत. एअरशर परगण्यांतील हें लहानसें गांव विणलेल्या टोप्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. तिच्याच आठवणींप्रमाणें, अगदीं लहान असतांना नाताळांत तिला बाहुली मिळाली. ती तिनें शेजारच्या मुलाला देऊन त्याचा चेंडू घेतला, आणि त्या रात्रीं तो चेंडू उशाशीं घेऊन ती झोंपली. पुढें मुलांच्या संघांत खेळावयाचें म्हणून केस आंखूड कापले गेले आणि रोझचा 'रॉस' झाला. एका सामन्यांत ग्लासगोच्या सुप्रसिद्ध सेल्टिक संघाचा पारखी प्रेक्षकांत होता. सात क्रमांकाच्या पोराचा खेळ पाहून त्याचें मन त्याच्यावर बसलें, पण तो पोर नसून पोरगी आहे हें कळतांच प्रकरण तेथेंच संपलें. या प्रसंगावर हंसूं येतें खरें, परंतु त्यांत एक बोचरें सत्य आहे. पारख्याच्या डोळ्यांनीं गुण ओळखला होता. तो गुण मुलीच्या अंगीं आहे एवढ्या एका कारणावरून त्याची किंमत शून्य झाली.

सुदैवानें त्या भागांत मुलींचा एक संघ होता आणि त्याच्या मागें एल्सी कुक नांवाची जिद्दी स्त्री उभी होती. स्ट्यूअर्टन थिसल हा तो संघ. इंग्लंडमध्यें १९७१ सालीं स्त्रियांसाठीं पहिली राष्ट्रीय चषक-स्पर्धा झाली, तींत या छोट्याशा स्कॉटिश गांवाच्या संघानें अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. तेथें साउदॅम्प्टनच्या संघानें त्यांना चार विरुद्ध एक असें हरविलें. तरी आपल्या देशांत ज्यांना मैदान मिळण्याची मारामार, त्यांनीं तेथपर्यंत पोहोंचणें हीच मोठी गोष्ट होती.

पुढच्याच वर्षीं, १८ नोव्हेंबर १९७२ रोजीं, ग्रीनोक येथें स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या स्त्रियांचा पहिला अधिकृत म्हणून गणला जाणारा आंतरराष्ट्रीय सामना झाला. पुरुषांच्या पहिल्या सामन्याला तेव्हां बहुतेक बरोबर शंभर वर्षें होत होतीं. कडाक्याच्या थंडीनें मैदान गोठून गेलें होतें. स्कॉटलंडनें दोन गोलांची आघाडी घेतली. त्यांपैकीं एक गोल सतरा वर्षांच्या रोझ रायलीनें थेट कोपऱ्यावरून मारलेल्या फटक्यानें केला. चेंडू कोणाच्याहि पायाला न लागतां वळत वळत जाळ्यांत शिरला. शेवटीं इंग्लंडनें तीन विरुद्ध दोन असा विजय मिळविला. तथापि या सामन्यांत खेळलेल्या स्कॉटिश मुलींना प्रथेप्रमाणें मिळावयाची मानाची टोपी मिळाली नाहीं. टोप्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या गांवांत वाढलेल्या मुलीला आपल्या देशाची टोपी मिळूं नये, हा योगायोग चमत्कारिकच म्हणावा लागेल.

रोझला केवळ हौसेचा खेळ खेळावयाचा नव्हता. फुटबॉल हाच तिला आपला व्यवसाय करावयाचा होता, आणि स्कॉटलंडमध्यें मुलीनें अशी इच्छा व्यक्त करणें म्हणजे चंद्र मागण्यासारखें होतें. १९७३ सालीं एका वृत्तपत्राच्या क्रीडा-लेखकाच्या मध्यस्थीनें तिला फ्रान्समधील रीम्स येथील महिला-संघाकडे आपला खेळ दाखविण्याची संधि मिळाली आणि संघानें तिला ठेवून घेतलें. त्याच वर्षीं डब्लिनची ॲन ओब्रायन ही आयरिश मुलगी सतराव्या वर्षीं रीम्सला दाखल झाली. लौकरच रोझनें इटलीचा रस्ता धरला आणि मिलानच्या महिला-संघांत प्रवेश केला. भाषा येत नव्हती, ओळखीचें कोणी नव्हतें. पायांत मात्र कसब होतें, आणि त्याला दुभाषा लागत नाहीं.

इटलीच कां, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचें उत्तर असें, कीं स्त्रियांचें फुटबॉल त्या काळीं युरोपांत जर कोठें पद्धतशीरपणें उभें राहत असेल, तर तें इटलींत. १९६८ सालीं व्हियारेज्जो येथें स्त्रियांच्या संघांची स्वतंत्र संघटना निघाली आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. ही संघटना पुरुषांच्या अधिकृत मंडळाच्या कक्षेबाहेर होती. म्हणून तिला त्या मंडळाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाहीं. संघांचा खर्च व्यापारी पेढ्या उचलीत आणि मोबदल्यांत आपलें नांव संघाला जोडीत. लेच्चे शहराचा संघ एका आइस्क्रीमच्या कारखान्याचें नांव लावून खेळत असे. परदेशी खेळाडूंना आणण्यासहि या पेढ्या तयार असत. १९७० सालीं इटलींत आणि १९७१ सालीं मेक्सिकोंत स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा भरल्या त्या अशाच खासगी उत्साहावर. मेक्सिकोचा अंतिम सामना अझ्टेका मैदानावर एक लाखाहून अधिक लोकांनीं पाहिला आणि त्यांत डेन्मार्कचे तीनहि गोल पंधरा वर्षांच्या सुझान ऑगस्टेसेन हिनें केले. हीच सुझान पुढें इटलींत आली आणि अनेक वर्षें तेथें गोलांची लयलूट करीत राहिली. म्हणजे रोझ रायली ही एकटी स्थलांतर करणारी पक्षीण नव्हती. उत्तरेच्या थंड देशांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका लहानशा थव्यांतील ती एक होती.

ती इटलींत स्थिर होत असतांनाच मायदेशाहून घाव आला. १९७५ सालीं रोझ रायली, तिच्याप्रमाणेंच परदेशीं खेळावयास गेलेली ग्लासगोची एडना नेलिस आणि त्यांची पाठीराखी एल्सी कुक या तिघींवर स्कॉटलंडच्या फुटबॉल-अधिकाऱ्यांनीं बेमुदत बंदी घातली. रोझच्या म्हणण्याप्रमाणें या शिक्षेचें कारण तिला कधींच कळविण्यांत आलें नाहीं. ज्या सालीं ही बंदी आली त्याच सालीं मिलानच्या महिला-संघानें इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. एका देशांत शिक्षा आणि दुसऱ्या देशांत सन्मान, दोन्ही एकाच वर्षांत आणि दोन्ही फुटबॉलसाठींच!

त्यानंतरचीं तिचीं वर्षें म्हणजे दक्षिण इटलीचा एक प्रवासपटच आहे. सिसिलींतील कातानिया, पायमोज्यासारख्या दिसणाऱ्या इटलीच्या टांचेवर वसलेलें लेच्चे, आड्रियाटिक किनाऱ्यावरील त्रानी, अशा अनेक शहरांकडून ती खेळली. कातानियाच्या संघानें १९७८ सालीं अजिंक्यपद मिळविलें. लेच्चेनें १९८१ ते १९८३ असें लागोपाठ तीन वर्षें तें आपल्याकडे ठेवलें. त्यानंतरचीं तीन वर्षें त्रानीचीं होतीं. रोझच्या नांवावर इटलीचीं एकंदर आठ अजिंक्यपदें जमा आहेत, आणि मोसमांतील सर्वांत अधिक गोल करणाऱ्या खेळाडूचा मान तिनें दोनदां मिळविला. तिच्या उत्साहाला मात्र एक संघ पुरेना. लेच्चेकडे असतांना एका मोसमांत ती शनिवारीं इटलींत खेळे आणि विमानानें निघून रविवारीं फ्रान्समध्यें आपल्या जुन्या रीम्स संघाकडून मैदानांत उतरे. त्या मोसमांत दोन्ही संघ आपआपल्या देशांत अजिंक्य ठरले! एकाच वर्षीं दोन राष्ट्रांच्या अजिंक्यपदांची वांटेकरीण होण्याचा असा प्रसंग खेळाच्या इतिहासांत क्वचितच आढळेल.

इटलीच्या लोकांनीं तिला याहूनहि मोठा मान दिला. त्यांनीं तिला आपल्या राष्ट्रीय संघांत घेतलें. तिच्या अंगांत इटालियन रक्ताचा थेंब नव्हता. आजच्या नियमांप्रमाणें, एका देशाकडून अधिकृत सामने खेळलेल्या खेळाडूला असा बदल सहजासहजीं करतां आला नसता. परंतु त्या वेळीं जागतिक फुटबॉल-संघटनेनें स्त्रियांच्या खेळाची दखलच घेतली नव्हती, म्हणून तिचे निर्बंधहि येथें लागू पडत नव्हते. ज्या उपेक्षेमुळें स्वदेशाचें दार बंद झालें होतें, त्याच उपेक्षेमुळें परदेशाचें दार उघडें राहिलें, असा हा विलक्षण न्याय होय. १९८४ सालीं व्हेनिसजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर 'मुंदियालितो' म्हणजे छोटी जागतिक स्पर्धा भरली. अंतिम सामन्यांत इटलीनें पश्चिम जर्मनीचा तीन विरुद्ध एक असा पराभव केला आणि विजयी गोलांत रोझ रायलीचाहि वांटा होता.

या विजयाला जगज्जेतेपद म्हणावें किंवा नाहीं, याविषयीं मतभेद संभवतो. स्पर्धा निमंत्रितांची होती, संघ मोजके होते आणि तिच्यावर जागतिक संघटनेचा शिक्का नव्हता. त्या संघटनेची स्त्रियांची पहिली स्पर्धा १९९१ सालीं चीनमध्यें झाली, तेव्हां रोझनें छत्तिशी गांठलेली होती. कागदोपत्रीं पाहिलें तर आक्षेप खरा आहे. परंतु शिक्का देणारानें शिक्का देण्याचेंच नाकारलें असतां, तो नाहीं म्हणून खेळणारीला उणें लेखणें हेंहि न्यायाचें होणार नाहीं. त्या काळीं जी उत्तम स्पर्धा उपलब्ध होती ती तिनें जिंकली. याहून अधिक कांहीं करणें तिच्या हातीं नव्हतें.

या यशाचें चित्र रंगवितांना त्याची दुसरी बाजू झांकून ठेवतां येत नाहीं. इटलीचें स्वागत मनापासूनचें होतें, पण तेथील व्यवस्था ठिसूळ होती. पेढीनें हात आंखडला कीं संघ मोडे आणि खेळाडूंना नवें गांव शोधावें लागे. एवढीं शहरें बदलण्याचें एक कारण हेंहि असावें. इटलीच्या अधिकृत फुटबॉल-मंडळानें स्त्रियांचा खेळ १९८६ सालीं आपल्या कक्षेंत घेतला आणि त्यांच्या पहिल्या दर्जाच्या स्पर्धेला पूर्ण व्यावसायिक मान्यता मिळाली ती थेट २०२२ सालीं. रोझ रायली चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळत राहिली, ती अशा व्यवस्थेंत, जींत उद्यांची शाश्वति कोणालाच नव्हती. आणि स्कॉटलंडचें काय नुकसान झालें? आपल्या सर्वोत्कृष्ट फॉरवर्ड खेळाडूचीं ऐन बहराचीं वर्षें त्या देशानें परक्याच्या पदरांत टाकलीं. तिला मैदानांत पाहून ज्या लहान मुलींनीं चेंडू हातीं घेतला असता, त्यांना तिचें नांवहि ठाऊक झालें नाहीं. बंदीचा खरा दंड भरावा लागतो तो असा. तो गुन्हेगार ठरविलेल्या व्यक्तीपेक्षां पुढच्या पिढीलाच अधिक भरावा लागतो.

इटलींत सुमारें पाव शतक काढून रोझ रायली २००१ सालीं स्कॉटलंडला परतली. आपल्या गांवीं तिला सुरुवातीला फारसें कोणी ओळखीत नव्हतें. २००७ सालीं स्कॉटिश फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या नामावळींत तिचा समावेश झाला, पुढें एम्. बी. ई. हा ब्रिटिश किताबहि मिळाला आणि स्ट्यूअर्टनच्या क्रीडाकेंद्राला तिचें नांव देण्यांत आलें. २०१९ सालीं स्कॉटलंडचा महिला-संघ प्रथमच जागतिक स्पर्धेंत खेळला. त्याच वर्षीं १९७२ च्या त्या पहिल्या सामन्यांतील खेळाडूंना त्यांच्या मानाच्या टोप्या अर्पण करण्यांत आल्या. सत्तेचाळीस वर्षें उशिरानें कां होईना, त्या मुलींचें ऋण देशानें मान्य केलें.

या कथेचा एक धागा भारतापर्यंत येऊन पोहोंचतो. जानेवारी २०२० मध्यें मणिपूरच्या नांगोम बाला देवी हिनें ग्लासगोच्या रेंजर्स संघाशीं करार केला. युरोपांतील संघाशीं व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू, आणि तीहि आघाडीचीच खेळाडू. त्या वर्षाच्या डिसेंबरांत मदरवेल संघाविरुद्ध तिनें गोलहि केला. पुढें २०२२ सालीं पंजाबची मनीषा कल्याण ही सायप्रसमधील संघाकडून युरोपच्या सर्वोच्च महिला-स्पर्धेंत खेळली. ज्या स्कॉटलंडमधून फुटबॉलच्या भाकरीसाठीं एका मुलीला देशांतर करावें लागलें होतें, त्याच स्कॉटलंडमध्यें अर्ध्या शतकाच्या आंत दुसऱ्या एका देशाची मुलगी फुटबॉलची भाकरी मिळविण्यास आली. काळ किती बदलला, याचें याहून बोलकें प्रमाण मिळणार नाहीं.

मात्र काळ आपोआप बदलत नाहीं. तो कोणीतरी बदलावा लागतो. नियामकांनीं ठराव केले आणि पुढें रद्दहि केले, हा इतिहासाचा कोरडा सांगाडा झाला. ठराव अंमलांत असतांनाहि ज्यांनीं चेंडू सोडला नाहीं, त्यांच्यामुळें पुढें तो ठराव मोडणें शक्य झालें. रोझ रायलीनें सभा भरविल्या नाहींत आणि विनंति-अर्जहि पाठविले नाहींत. तिनें खेळण्यासाठीं देश सोडला, पण देश सोडावा लागतो म्हणून खेळ सोडला नाहीं. गुण असूनहि त्याला जागा मिळत नाहीं, असा अनुभव ज्यांना ज्यांना येतो, त्यांना या स्कॉटिश मुलीच्या चरित्रांत थोडा धीर सांपडेल. आणि जागा देणें न देणें ज्यांच्या हातीं असतें, त्यांनाहि त्यांतून घेण्यासारखें कांहीं आहे. दार लावून घेणें सोपें असतें. बाहेर गेलेलीं वर्षें मात्र पुन्हां आंत आणतां येत नाहींत.